मुंडू तळ्याचं पंधरावं कांडं

याकुत्स्क, ९ सप्टेंबर १९९६

प्रिय स्पिरिदोन,

तुमची गवतकापणी संपली असेल म्हणून आता लिहितेय. जुलैत लिहिलं असतं तर पत्र गंजीखाली गेलं असतं.

मी बरी आहे. म्हणजे चार मजले चढून प्रयोगशाळेत पोचते, एवढी बरी. या वर्षी खोलीत आम्ही दोघीच उरलो. बाकीचे कुणी दुकानात लागले, कुणी घरी बसले. मायक्रोस्कोपवर तासभर परागकण मोजले की उजवा डोळा गळायला लागतो, मग डाव्याने मोजते. छप्पन्नाव्या वर्षी तक्रार तरी कुणाकडे करायची.

एक गोष्ट विचारायची होती. आपल्या मुंडू तळ्याचा गाळ तुला आठवतो ना? चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमधला. रोदिओनने बर्फाला भोक पाडून नळ्या खाली सोडल्या होत्या, सोळा कांडी निघाली होती, आणि तू ती घोड्याच्या घसरगाडीवरून विमानतळापर्यंत आणली होतीस. त्यातलं पंधरावं कांडं काळं होतं. त्यात मला लार्च झाडाचे पराग सापडले, पानंही सापडली. त्याच्या वरचं आणि खालचं कांडं हिमयुगाच्या ऐन कडाक्यातलं, म्हणून मधलंही तेव्हाचंच धरलं. सगळा उत्तरेकडचा भाग गारठून उघडा पडला होता, तेव्हा आपल्या डोंगरांच्या कुशीत एक जंगल तगून होतं, असं आम्ही नवराबायकोने मिळून लिहिलं. तेवढ्यावर मला पदवी मिळाली, रोदिओनला मान मिळाला, आणि नकाशांवर आपल्या तळ्यापाशी हिरवा ठिपका आला.

तेव्हा वय काढायला मूठभर गाळ जाळावा लागायचा. काळं कांडं तोकडं होतं, म्हणून ते जाळलं नाही. आता एक पान पुरतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने मागितलं, मी वसंतात पाठवलं. उत्तर आलं. ते पान एकवीस हजार वर्षांचं असायला हवं होतं. ते नऊ हजार वर्षांचं आहे.

मी आणखी तीन पानं पाठवली. तिन्ही तशीच.

त्या दिवसांतलं काही वेगळं आठवतं का तुला? कांडी कशी भरली, पेट्या कुणी बांधल्या, काहीही. मी तेव्हा तुयाराला अंगावर पाजत घरी बसले होते. रोदिओन गेल्यालाही आठ वर्षं झाली. विचारायला तूच उरलास.

ओग्दोला नमस्कार सांग.

तुझी थोरली बहीण, एजीय अकुलिना


खारासीस, २ ऑक्टोबर १९९६

एजीय,

पत्र मिळालं. विमान दोन आठवडे आलं नव्हतं, त्यामुळे उशीर झाला.

गवत या वर्षी कमी आलं. ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला, खालची सगळी गंजी काळी पडली. एक गाय नोव्हेंबरात कापावी लागेल. ओग्दोचे गुडघे दुखतात, तरी ती तांबड्या बोरांना जायची राहत नाही. तुझ्यासाठी एक डबा भरून ठेवलाय, कुणी येणारं असलं की पाठवते म्हणाली.

तू विचारलंस त्याचं काय सांगू. बावीस वर्षं झाली. थंडी होती. रोदिओनचा पाय गारठून पांढरा पडला होता, म्हणून हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं आणि पेट्यांना जागा नाही म्हणाले. मी पेट्या घेऊन निघालो आणि पाचव्या दिवशी पोचवल्या. एवढंच.

पान इकडचं तिकडे गेलं असेल. उंदरं असतात. डोळ्यांना जप. इतक्या जुन्या मातीसाठी डोळे घालवू नयेत.

स्पिरिदोन


याकुत्स्क, २८ ऑक्टोबर १९९६

प्रिय स्पिरिदोन,

उंदरं तळ्याच्या गाळात अडीच मीटर खाली जात नाहीत. पण तू चांगल्या मनाने लिहिलंस.

तुझं पत्र आल्यावर मी तळघरात जाऊन जुन्या पेट्या काढल्या. दोन दिवस लागले. पाठ अजून सरळ होत नाही. त्या शोधात जे दिसलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

रोदिओनच्या खिशात कायम एकच पेन्सिल असायची, जांभळी शाई सोडणारी. तुला आठवत असेल, टोक जिभेला लावायची सवय होती, ओठ जांभळे व्हायचे. पहिल्या बारा कांड्यांच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या तिनेच लिहिल्यात. तेरा ते सोळा, या चार चिठ्ठ्या मात्र साध्या पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत. कागदही वेगळा आहे, शाळेच्या वहीचा, रेघांचा.

म्हणजे या चार चिठ्ठ्या बर्फावर लिहिलेल्या नाहीत. नंतर कुणीतरी बदलल्या. तू पेट्या विमानतळावर दिल्यास, तिथून त्या रोदिओनच्या हातात आल्या. पाय बांधलेल्या अवस्थेत तो तीन आठवडे त्यांच्याजवळ घरी बसून होता आणि मग मला म्हणाला, आता तू बघ.

त्या वर्षी तो काय बोलायचा ते तुला माहीत आहे. इथे जंगल होतंच, फक्त सापडायला हवं. विभागप्रमुख त्याच्या तोंडावर हसले होते. शेवटच्या कांड्यांचं वर्णनही त्याने बर्फावर लिहिलं नव्हतं, घरी लिहीन म्हणाला. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

मला हे पटवून घ्यायचं नाही. पण मी आयुष्यभर हेच काम केलंय. कण मोजायचे, आणि जे निघेल ते मानायचं, आवडो न आवडो.

अकुलिना


खारासीस, २० नोव्हेंबर १९९६

एजीय,

रोदिओन तसा नव्हता. तू त्याच्याबरोबर सोळा वर्षं संसार केलास, मी तुला काय सांगणार. मासा एक धरला तर दीड म्हणायचा, हे खरं. पण कामात नाही. माझ्यासमोर त्याने एक नळी तीनदा खाली सोडली, कारण दोन वेळा तिचं तोंड तिरकं गेलं असा त्याला संशय होता. उणे पंचेचाळीसमध्ये. पाय त्यातच गारठला.

घाईने काही ठरवू नकोस. जुनी गोष्ट आहे, कुणाचं काही अडलेलं नाही. राहू दे.

आम्ही गाय कापली. तळ्यावरून पिण्यासाठी बर्फाच्या लाद्या कापून आणल्या. मला आता एका दमात दहाच कापता येतात. ओग्दो हल्ली माझ्याशी फार बोलत नाही. थंडीमुळे असेल.

स्पिरिदोन


याकुत्स्क, १५ डिसेंबर १९९६

स्पिरिदोन,

राहू देता येत नाही. त्या हिरव्या ठिपक्यावर दोन माणसांचे प्रबंध उभे आहेत. तिसरी एक मुलगी इर्कुत्स्कमध्ये चार वर्षं हिशेब मांडत बसलीय, की आपल्या तळ्यापासून जंगल उत्तरेला कोणत्या वाटेने पसरलं असेल. ते जंगल नव्हतंच. तिला हे मी सांगायचं, की ती चाळीस वर्षांची झाल्यावर दुसऱ्या कुणी?

आमचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवायचं पत्र मी लिहिलंय. त्यात स्पष्ट लिहिलंय की चार चिठ्ठ्या नंतर बदलल्या गेल्या आणि त्या वेळी कांडी रोदिओनच्या ताब्यात होती. पुढचा अर्थ वाचणारे लावतील. जानेवारीच्या शेवटी पाठवणार आहे.

त्याआधी तुयाराला सांगायलाच हवं होतं. ती रविवारी नाम गावाहून आली होती. शाळेत शिकवते, वर्गाला बाबांच्या जंगलाची गोष्ट सांगते. मी सांगितलं. ती उठली. भांडी घासली, कोट घातला आणि दुपारच्या बसने परत गेली. नेहमी मुक्काम करते.

भिंतीवरचा त्याचा फोटो मी कपाटात ठेवला. रागाने नाही. रोज बघायचं बळ राहिलं नाही, एवढंच.

अकुलिना


खारासीस, ८ जानेवारी १९९७

एजीय,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. तीन चुलीत गेली. आता ओग्दो समोर बसलीय आणि हे पुरं झाल्याशिवाय उठणार नाही म्हणते.

फोटो परत भिंतीवर लाव. चिठ्ठ्या मी लिहिल्या.

रोदिओनने जाताना मला सांगितलं होतं की नदीवरून जाऊ नकोस, काठाच्या वाटेने जा, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. एप्रिलमध्ये मोमा नदीच्या बर्फावर वरून पाणी चढतं, हे मलाही माहीत होतं. मी नदीवरूनच गेलो. वाटेत ओग्दोच्या वडिलांचं घर होतं. त्यांनी मला रविवारपर्यंत बोलावलं होतं, मागणीचं काय ते बोलायला. काठाने गेलो असतो तर मंगळवार झाला असता.

त्यांच्या घराच्या अलीकडे दोन कोसांवर घोडा पोटापर्यंत पाण्यात गेला. घसरगाडी कलंडली. तीन पेट्या बर्फावर पडल्या, त्यांना काही झालं नाही. चौथी पाण्यात गेली आणि फुटली. मी आत उतरून चारही कांडी काढली. कपड्यात गुंडाळलेली होती, आतून गोठलेलीच होती, फक्त वरून मऊ झाली. पण चिठ्ठ्यांची सगळी शाई पसरली होती. चार जांभळे डाग. आकडा एकही वाचता येईना.

ओग्दोच्या घरी मी ती कोठीत ठेवली. तिच्या धाकट्या बहिणीची वही आणि पेन्सिल घेतली. क्रम कसा लावायचा ते कळेना. मग आठवलं, नळी काढताना रोदिओन म्हणाला होता, 'शेवटून दुसरं सगळ्यात जड निघालं.' मी चारही हातात घेऊन बघितली. काळं सगळ्यात जड लागलं. त्याला पंधरा आकडा घातला. बाकीची तीन करडी, ती अंदाजाने लावली.

काळ्याने पाणी प्यायलं होतं म्हणून ते जड होतं, हे मला दोन वर्षांनी सुचलं. गवताचा ओला भारा उचलताना. तोवर तुमचं छापून आलं होतं.

विमानतळावर सांगणार होतो. जिल्ह्याच्या इस्पितळात रोदिओनला भेटलो, तेव्हाही सांगणार होतो. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'काठाने आलास ना?' मी हो म्हणालो. त्यानंतर खरं बोलायचं म्हणजे दोन खोट्या गोष्टी मोडाव्या लागणार होत्या.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो शेवटचा आला, तेव्हा आम्ही तळ्यावर जाळं टाकून बसलो होतो. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, 'स्पिरिदोन, माणसाला आयुष्यात एक गोष्ट बरोबर सापडली तरी पुरे.' मी जाळं ओढायला उठलो. ऑक्टोबरात तो गेला.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी ओग्दो म्हणाली, सांग. मी म्हणालो, कुणाचं काय बिघडलंय. डिसेंबरचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, 'मेलेल्या माणसाला तुझ्या जागी उभं केलंयस तू. तू लिही, नाहीतर मी लिहिते. माझं अक्षर वाईट आहे, पण तिला कळेल.'

रोदिओनला काही माहीत नव्हतं. शेवटपर्यंत नाही.

तुझा भाऊ स्पिरिदोन


खारासीस, २० मार्च १९९७

एजीय,

माझं पत्र पोचलं का एवढंच कळव. जिल्ह्याच्या टपालात विचारलं, ते म्हणाले फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं. तुझं नियतकालिकाचं पत्र तोवर गेलं असेल, या विचाराने मला अन्न गोड लागत नाही.

शिव्या घालायच्या असतील तर घाल. त्या विमानाने आल्या तरी चालतील.

स्पिरिदोन


याकुत्स्क, ११ एप्रिल १९९७

स्पिरिदोन,

पोचलं. चौदा फेब्रुवारीला.

नियतकालिकाला पत्र गेलं नव्हतं. मी सात जानेवारीपासून न्यूमोनियाने पडून होते आणि पाकिटाला तिकीट लावायलाही उठले नव्हते. धैर्य किंवा शहाणपण म्हणून नाही, तापामुळे रोदिओनचं नाव बदनामीतून वाचलं. हे लक्षात आल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तुला आधी लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुला जन्मभर पुरलं असतं. एकदा लिहायला बसलेही. मग थकून झोपले. रागालाही अंगात ताकद लागते.

अजून राग आहे. तू नदीवरून गेलास म्हणून नाही. बत्तीस वर्षांचा माणूस होणाऱ्या बायकोच्या घराकडे वाट सोडून जातो, त्यात काय. पण मी सप्टेंबरात सरळ विचारलं होतं आणि तू मला उंदरांची गोष्ट सांगितलीस. नोव्हेंबरात मी त्याच्यावर बोट ठेवलं तेव्हाही म्हणालास, राहू दे.

आता कामाचं. मी चारही कांडी पुन्हा काढली. प्रत्येकातून नवे नमुने घेतलेत. वयं यायला वेळ लागेल, पण पराग मी आजपासून मोजतेय. वरचा गाळ नवा, खालचा जुना, म्हणून काळं कांडं चारांत सगळ्यात वरचं, म्हणजे तेरावं असावं. तसं असेल तर खालच्या तीन करड्यांत गवत आणि रानदवण्याशिवाय काही मिळायला नको. रोज तीनशे कण मोजू शकते. पूर्वी हजार मोजायचे.

अकुलिना


खारासीस, १९ मे १९९७

एजीय,

पत्र वाचलं. खरं आहे.

नदीचा बर्फ मोडायला लागलाय, म्हणून हे आजच देतोय, नंतर तीन आठवडे कुणी येणार-जाणार नाही. तू जे छापशील त्यात काय लिहिणार? मला माहीत आहे तू कशी आहेस. 'वाहतुकीत अपघात झाला' असं लिहून मोकळी होशील. तसं लिहू नकोस. अपघात पाण्याचा झाला. चिठ्ठ्यांचा अपघात नव्हता. त्या मी टेबलापाशी बसून, पोट भरल्यावर लिहिल्या.

माझं पूर्ण नाव लिही, वडिलांच्या नावासकट. गावात वाचलं गेलं तर जाऊ दे. मी ओग्दोच्या भावाला सांगून टाकलं, तो आता घोड्यांपेक्षा माझ्याबद्दल जास्त बोलतो. परवा दुकानात विचारत होता, 'स्पिरिदोन, हे पीठ यंदाचं की हिमयुगातलं, जरा उचलून सांग.' सगळे हसले. मीही हसलो. बावीस वर्षांत मला त्या गोष्टीवरून कधी हसू आलं नव्हतं.

स्पिरिदोन


याकुत्स्क, ५ नोव्हेंबर १९९७

प्रिय स्पिरिदोन,

काम झालं. कालच झालं, म्हणून आज आधी तुलाच लिहितेय.

वयं जुलैत आली. काळं कांडं तेरावंच आहे. खालच्या तिन्ही करड्यांत मी मिळून एकवीस हजार कण मोजले. गवत, रानदवणा, थोडा लव्हाळा. लार्चचा एकही नाही. ऐन थंडीत आपल्याकडे जंगल नव्हतं. वाऱ्याचं उघडं माळरान होतं, त्यावर मोठी जनावरं चरत असणार. जंगल नंतर आलं, दक्षिणेकडून, इतर ठिकाणांसारखंच. आपल्याकडे वेगळं काही घडलं नव्हतं.

काल संस्थेत वाचून दाखवलं. सभागृह तापवलेलं नव्हतं, माणसं कोट घालून बसली होती. मी तुझं नाव वाचलं, तू म्हणालास तसं, वडिलांच्या नावासकट. चिठ्ठ्या कुठे आणि कशा लिहिल्या तेही वाचलं. मला वाटलं होतं लोक पेटतील. कुणी पेटलं नाही. सगळे माझ्याइतकेच दमलेत. इर्कुत्स्कची मुलगी मात्र आली होती. चार वर्षांचं काम गेलं तिचं. ती पुढे आली आणि म्हणाली, निदान आत्ता कळलं. मी तिला चहा प्यायला घेऊन गेले.

मग मागच्या रांगेतले म्हातारे भूगर्भवाले उठले. रोदिओनच्या तोंडावर हसणारे तेच विभागप्रमुख, आता ऐंशीचे आहेत. ते मला म्हणाले, 'तो चुकला, पण फसवलं त्याने नाही. मला वीस वर्षं वाटत होतं की फसवलं.' म्हणजे तो संशय घेणारी मी एकटी नव्हते. त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कारण आता तुयाराचं सांगते. तुझं पत्र आल्यावर मी तिला कळवलं होतं की बाबांची चूक नव्हती, मामाची होती. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, कळलं, म्हणून. सगळा उन्हाळा ती आली नाही. शेवटी सप्टेंबरात मीच नामला गेले. तिने पिठाच्या अलाजी तळल्या होत्या, गरम वाढल्या. जेवण झाल्यावर म्हणाली, 'मामा घाबरला, ते मला कळतं. तू बाबांना ओळखत होतीस. चार चिठ्ठ्या बघून ते तुला चोर वाटले.' मी म्हणाले, पुरावा तसा होता. ती म्हणाली, 'मला पुरावा न बघता माहीत होतं, आई. आणि तू मला विचारलंही नाहीस. फक्त सांगितलंस.'

मी कोट घातला. शेवटची बस धरून परत आले.

स्पिरिदोन, मी तुझ्यावर रागावून बघितलं, खूप महिने. आता तो राग संपलाय. क्षमा वगैरे मोठे शब्द नकोत. तू एका दुपारी चुकलास आणि मग बोलायला भ्यालास. मी ज्या माणसाच्या शेजारी सोळा वर्षं झोपले, त्याच्याबद्दल सात आठवड्यांत खात्री करून बसले. कांडी नीट लावली की गाळ पुन्हा नीट वाचता येतो. हे कसं लावायचं ते मला माहीत नाही.

संस्थेने येत्या एप्रिलमध्ये मुंडू तळ्यावर पुन्हा नळी टाकायला परवानगी दिलीय. दोन माणसं, एक हेलिकॉप्टर, पाच दिवस. मी नाही म्हणणार होते. चार मजले चढताना थांबावं लागतं, बर्फावर काय करणार. पण परवा तुयाराचं पत्र आलं. जसंच्या तसं लिहिते: 'एप्रिलमध्ये तळ्यावर जाणार असशील तर मला ने. शाळेला सुट्टी असेल. मी तुझ्याशी फार बोलेन असं नाही, पण नळी धरीन.'

म्हणून आम्ही येतोय. तुझ्याकडे उतरू. ओग्दोला सांग, खास काही करू नको, तिचे गुडघे दुखतात.

एक काम मात्र तुझं. तुयाराला बोलतं करायला जाऊ नकोस, माझी बाजू मांडू नकोस, स्वतःचीही नको. रोदिओनने भोक नेमकं कुठे पाडलं होतं ती जागा बर्फावर तिला दाखव, आणि तो कसा उभा राहायचा ते सांग. मी तेव्हा तिथे नव्हते. मीही ऐकेन, थोडी मागे उभी राहून.

तुझी बहीण अकुलिना